उसनी फुंक

पौषातलं धुकं वस्तीवर बसलं की दहा वाजेपर्यंत हलत नाही. हरभरा फुलात असला की शेतकरी या धुक्याला शिव्या घालतो. तेरखेड्याच्या अंगाला फटाक्याच्या कामावर जगणारी माणसंही घालतात, कारण ओली पुंगळी वाळत नाही. भिमाबाई दारापुढं बारदाना अंथरून काल वळलेल्या पुंगळ्या एकेक करून उलट्या करत होती. रद्दी कागद काडीवर गुंडाळायचा, खळ लावायची, काडी ओढून घ्यायची, की बोटाएवढी पोकळ नळी उरते. पुढं शेडमध्ये तिच्यात दारू भरतात. दसऱ्यापर्यंत भिमाबाई त्या भरण्याच्या कामावर होती, एकोणीस वर्षं. आता छाती साथ देईना म्हणून घरी बसून पुंगळ्या.

वीसेक पुंगळ्या उलटल्या की ती थांबायची. गुडघ्यावर हात रोवायची, तोंड उघडायची आणि डोळे कुठंतरी लांब लावून बसायची. आतून बारीक शिट्टी वाजायची, ती अंगणात ऐकू यायची.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. म्या करते," सून श्रावस्ती दारातून म्हणाली.

"तू भाकरी बघ. निस्तं बसले तर छातीत लईच आवळतंय."

सव्वासात झाले आणि श्रावस्तीच्या हातातला फोन वाजला. तो रोजच वाजायचा. मुंबईकडच्या बाईचा भरून ठेवलेला आवाज होता, साखरेत घोळून काढल्यासारखा.

"सुप्रभात, भिमाबाई. आज तुमच्या गावात हवा ओलसर आणि धुरकट आहे. तुमचा श्वास तुमच्या वयाच्या मानाने अतिशय उत्तम आहे. आज खास तुमच्यासाठी सल्ला: सकाळी वीस मिनिटे भरभर चाला."

बोळाच्या पलीकडं लक्ष्मीबाई खराटा मारत होती. तिनं खराटा भिंतीला टेकवला. "ऐकलं का गं, एकशेअठ्ठावीस? भरभर चाल म्हणतंय. तालुक्याला वाशीपतुर जाऊन ये."

"तुलाबी तेच म्हणलं आसंल की."

"मला पोहायला जा म्हणलं काल," लक्ष्मीबाई म्हणाली. "हितं नळाला आठ दिसांनी पाणी येतंय, आन मला पोहायला लावतंय." ती हसली, आणि हसता हसता खोकली. मग बराच वेळ खोकतच राहिली.

हा एकशे अठ्ठावीसचा प्रकार गेल्या माघातला. फटाक्याच्या शेडमधल्या बायांसाठी एका संस्थेनं शिबिर भरवलं होतं. प्रत्येकीचा श्वास मोजायचा, तिचं वय, उंची, काम, घरातली चूल, सगळं टॅबवर भरायचं, आणि मग ज्या बाईला जे लागतं तेच औषध, तोच सल्ला, तिच्या एकटीच्या नावानं द्यायचा. सगळ्यांना एकच गोळी हे दिवस गेले, असं शिबिरातल्या साहेबानं माइकवर सांगितलं. बायांना ते बरं वाटलं होतं. आजवर त्यांना एकटीच्या नावानं कुणी काही दिलं नव्हतं.

पण शिबिराच्या आदल्या दिवशी मुकादम शिवशरण हात धुता धुता एवढंच बोलला होता, "ज्येचा दम कमी भरंल त्येला कामावरनं बसवणार म्हणत्यात." कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, हे त्यानं सांगितलं नाही. त्यालाही ते कुठून कळलं होतं देव जाणे. बायांना तेवढं पुरलं.

तशी या बायांची रीतच. रेशनच्या रांगेत एकीनं उभं राहायचं आणि चौघींच्या पिशव्या आणायच्या. ग्रामसभेत एकीनं जायचं आणि सगळ्यांच्या सह्या करायच्या. एकीच्या अडचणीला दुसरीनं उभं राहायचं, यात खोटं काही असतं असं त्यांना कधी वाटलं नाही. शिबिरात पहिल्या टेबलावर फोटो काढायचा होता, दुसरं टेबल पडद्यामागं होतं, तिथं नळीत फुंकायचं होतं. पहिल्या टेबलावर तोंड दाखवलं भिमाबाईनं, आणि पडद्यामागून फुंकलं श्रावस्तीनं. चोवीस वर्षांची पोर, लहानपणी शेळ्यांमागं माळ तुडवलेली. तिनं अशी फुंकली की मशीननं टिंग वाजवून हिरवा दिवा दाखवला. भिमाबाईच्या वयाला जेवढा दम हवा त्याच्या एकशे अठ्ठावीस टक्के. ते बघून लक्ष्मीबाई म्हणाली, माझंबी तूच फुंक. मग विठाबाई म्हणाली, मीच काय पाप केलंय. एका सुनेच्या फुप्फुसावर तीन म्हाताऱ्या पास झाल्या. टॅब धरून बसलेली पौर्णिमा याच वस्तीतली, बी.ए. झालेली, संस्थेत नवीनच लागलेली. श्रावस्तीला पडद्यामागं तिसऱ्यांदा जाताना तिनं पाहिलं. बोलली काहीच नाही. तिची आई बसली होती रांगेत चौथी, तिच्याही छातीची शिट्टी पौर्णिमाला ठाऊक होती.

महिनाभर वस्तीत हसू चाललं. भिमाबाईचं नावच एकशेअठ्ठावीस पडलं. आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी तो आवाज "अतिशय उत्तम" म्हणायचा तेव्हा भिमाबाईलाही थोडं तसं वाटायला लागलं होतं. फुंक श्रावस्तीची, हे ठाऊक असूनही. यंत्र एवढं ठासून सांगतंय, तर अगदीच काही नसेल असं नाही, असं तिचं मन म्हणायचं. चैत्रात धाप लागली तेव्हा ती म्हणाली, ऊन आहे. आषाढात लागली तेव्हा म्हणाली, ढग आहेत.

श्रावणात विठाबाई गेली. कशानं गेली ते कुणी नीट सांगितलं नाही, आठ दिवस रात्रभर उशीला टेकून बसली होती एवढंच. तिचा सल्ला अजून रोज सकाळी वैजनाथच्या, म्हणजे तिच्या लेकाच्या फोनवर येतो. तो बंद करत नाही. आईचं नाव सकाळी कुणीतरी घेतंय तर घेऊ दे, म्हणतो.

भरभर चालायचा सल्ला आला त्या दिवशी धुकं विरलं तेव्हा श्रावस्तीनं सासूचं काही ऐकलं नाही. पुंगळ्या तशाच टाकून तिला वाशीच्या जीपमध्ये बसवलं. पौर्णिमाचा त्या दिवशी संस्थेच्या केंद्रावर कागद द्यायचा वार होता, ती पुढच्या सीटवर बसली होती. तिनं वळून "जयभीम, मावशी" म्हटलं आणि पुन्हा रस्त्याकडं बघायला लागली.

संस्थेचं केंद्र बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. भिमाबाई सहाव्या पायरीवर बसली.

"दम मोजायचं ठिकाण माडीवर काढलंय," ती श्वास जुळवत म्हणाली. "वर पोचला तो पास आन न पोचला तो नापास. मशीन कशाला लागतंय?"

श्रावस्तीला हसू आलं नाही. तिनं काखेत हात घालून सासूला वर नेलं.

पुन्हा नळी. पांढऱ्या कोटातली मुलगी शेजारी उभी राहून ओरडत होती, "फुंका फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका." भिमाबाईनं फुंकलं. डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही जोर लावत नाही. मागं किती छान फुंकलं होतं." दुसऱ्यांदा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकल्यावर नाकातोंडातून पाणी आलं आणि मुलगी गप्प झाली.

डॉक्टर शिवांजली तिशीच्या आतबाहेरची, मूळची लोहाऱ्याची. तिनं पडद्यावर दोन आकडे बघितले, भिमाबाईकडं बघितलं, परत आकडे बघितले.

"मावशी, माघात एकशे अठ्ठावीस होतं. आज सेहेचाळीस आहे. अकरा महिन्यांत काय झालं? वजन उतरलंय का? खोकल्यात रक्त पडतं?"

"न्हाय."

"कधीपासून धाप लागते?"

भिमाबाईनं श्रावस्तीकडं बघितलं. "लई दिस झाले," ती म्हणाली.

डॉक्टरनं पडदा तिच्याकडं वळवला. लाल पट्टी होती, खाली बारीक अक्षरं. "हे बघा. हे मशीन प्रत्येक माणसाचं वेगळं बघतं. दुसऱ्या कुणाचं आधी पन्नास असतं आणि आता सेहेचाळीस असतं, तर त्यानं सांगितलं असतं, तोंडानं औषध ओढायचा पंप सुरू करा. तुमचा आकडा वरून कड्यावरून पडल्यासारखा खाली आलाय. म्हणून ते म्हणतंय, हा साधा धुळीचा दमा नाही. सोलापूरला जा, छातीचा स्कॅन करा, लागलं तर आतला तुकडा काढून तपासा. तोवर पंप नाही."

"तोवर कसं निभावंल वो मॅडम?" श्रावस्ती म्हणाली. "त्यांना झोपता येत न्हाय. तुमी द्या की एक."

"कपाटात पंप आहेत. कुलूप याच्याच हातात आहे," डॉक्टरनं पडद्यावर बोट टेकवलं. "त्यानं हिरवं केल्याशिवाय एक निघत नाही. जबरदस्तीनं काढलाच तर संध्याकाळी मला वरच्या साहेबांचा फोन."

श्रावस्तीचा चेहरा पडला. तिनं तोंड उघडलं. भिमाबाईनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकड्यावर पौर्णिमा एका बाळंतिणीचा फॉर्म भरून देत होती. पेन तोंडात धरून ती त्या बाईच्या बाळाची टोपी सारखी करत होती.

भिमाबाईनं दाबलेला गुडघा सोडला आणि स्वतःच बोलली. "ती फुंक माझी न्हाय."

डॉक्टरला आधी कळलंच नाही. "कुठली?"

"माघातली. एकशे अठ्ठावीसची."

"मग कुणाची?"

श्रावस्तीचे कान लाल झाले होते. डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं, मग उठून दार लावून घेतलं.

"किती जणींची फुंकलीस?"

"तिघींची. आत्याबाई धरून."

डॉक्टर खुर्चीत बसली. पुस्तकातलं बोलणं तिच्या तोंडातून निघून गेलं. "काय केलाव ओ तुमी? कळतंय का काय केलाव?"

"कामावरनं काढत्याल म्हणून केलं," भिमाबाई म्हणाली. "काम तर दसऱ्याला गेलंच. पुसून टाका ते आता. आजचं लिहा. सेहेचाळीस तर सेहेचाळीस, माझंच हाय."

डॉक्टरनं दोन-तीन ठिकाणी बोट लावलं. पडद्यावर एक चौकट उघडली. ती वाचत गेली तसा तिचा आवाज उतरत गेला. पहिली नोंद पुसता येत होती. पण पुसली की कारण द्यावं लागत होतं. माणूस बदलला असं कारण दिलं की त्या दिवसाचं सगळं शिबिर तपासणीला जाणार. बासष्ट बाया. पुन्हा सगळ्यांना बोलावून, ओळख पटवून, मोजून होईतोवर त्या बासष्टांचं औषध थांबणार. त्यांतल्या चौदा जणी आज पंपावर आहेत, असं डॉक्टर म्हणाली. आणि पहिली विचारणा होणार ती त्या दिवशी टॅब ज्याच्या हातात होता त्याला.

"पौर्णिमाला," श्रावस्ती हळूच म्हणाली.

"दुसरं कारण टाका की," भिमाबाई म्हणाली. "मशीन बिघडलं हुतं म्हणा."

"तेही टाकून बघितलंय मी मागं एकदा. तरी शिबिर तपासणीलाच जातं. ते कुणावर भरवसा ठेवत नाही, मावशी. माझ्यावरही नाही."

भिमाबाई पडद्याकडं बघत होती. आतली शिट्टी चालूच होती. मग तिनं विचारलं, "पुसल्यावर त्या वेळची माझी फुंक सापडंल का?"

"नाही."

"मंग ती किती हुती?"

"ते आता कुणालाच कळणार नाही. तुम्ही फुंकलंच नाही."

"तुमाला बी न्हाय?"

"मला कसं कळंल?" डॉक्टर म्हणाली. "त्या वेळी पन्नास असलं, तर तुमची छाती हळूहळू झिजत आलीय आणि पंपानं तुम्हाला बरं वाटेल. त्या वेळी ऐंशी असलं, तर आत काहीतरी भलतं चाललंय आणि मशीन म्हणतंय तेच खरं, सोलापूरला उद्याच जायला पाहिजे. दोन्हीतलं कुठलं, ते त्या एका फुंकेवर होतं."

भिमाबाई आठवायला लागली. गेल्या माघात बोअरवरून दोन घागरी घेऊन ती घरापर्यंत न थांबता येत होती का? एकदा लिंबाखाली थांबल्याचं आठवत होतं. पण ते माघात होतं की त्याच्या आदल्या वर्षी, लेक नागसेन चाकणला कंपनीत लागला तेव्हा? भीमजयंतीला ती मिरवणुकीत नाचली होती. किती वेळ? सगळ्यांबरोबर नाचली होती, म्हणजे बरी असणार. का दोन घटकांनी कडेला जाऊन बसली होती? बसली होती खरी, पण तेव्हा कडेवर पुतण्याचं पोर होतं. एकोणीस वर्षांत कुठल्या बाईनं पुंगळ्यांचे किती डबे भरले ते ती बोटावर सांगू शकली असती. स्वतःचा श्वास कुठल्या महिन्यात किती होता ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. बघायचा दिवस आला, तेव्हा सुनेला पुढं केलं.

"पुसू का?" डॉक्टरनं विचारलं. तिचं बोट पडद्यापासून तीळभर लांब होतं. "तुम्ही म्हणाल तर पुसते. तुमच्यासाठी कपाट आठ-पंधरा दिवसांत उघडेल. बाकीच्यांचं काय होईल ते मी सांगितलं."

"पुसा," श्रावस्ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या," भिमाबाई म्हणाली.

"आत्याबाई, चौदा जणी आठ दिस थांबतील. मरत न्हाईत त्या."

"विठाबाई आठ दिसांतच गेली," भिमाबाई म्हणाली. "गप बस."

डॉक्टरनं चौकट बंद केली. मग खणात हात घालून एक पंप काढला. कुठल्याशा औषधकंपनीचा माणूस नमुन्याला ठेवून गेला होता, त्याची कुठंच नोंद नव्हती. साध्या कागदावर तिनं हातानं लिहून दिलं, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, ओढल्यावर चूळ भरायची. "हा माझा अंदाज आहे, मावशी. तुमच्यासाठी म्हणून मोजून दिलेलं हे नाही. कुणालाही देते तेच देते. महिन्यानं परत या. आजचं सेहेचाळीस मी माझ्या वहीत लिहून ठेवते."

"आन सोलापूर?"

डॉक्टर वहीतच बघत राहिली. "गेलात तर बरं होईल. काही नसलं तर कळेल."

"आन आसलं तर?"

डॉक्टरनं पंप त्या कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

पायऱ्या उतरताना पौर्णिमा मागून आली. "मावशी, काय म्हणल्या मॅडम?"

"सोलापूरला जा म्हणल्या."

पौर्णिमा जिन्यातच थांबली. खाली दुकानात कुणीतरी साड्यांचे गठ्ठे आपटत होतं. "माझ्यामुळं झालं ना हे," ती म्हणाली. "मी साहेबांना जाऊन सांगते. तवाच सांगायला पायजे हुतं."

"तुझ्यामुळं काय? फुंकलीस तू व्हय?"

"मला दिसलं हुतं."

"मलाबी दिसलं हुतं," भिमाबाई म्हणाली. "सांगू नगंस. सांगून माझा माघ परत येत न्हाय, तुझी नोकरी मात्र जाती. चल, जीप निघंल."

पौर्णिमा जीपमध्ये बसली नाही. मागच्या गाडीनं येते म्हणाली.

वस्तीवर पोचेपर्यंत दुपार कलली होती. श्रावस्तीनं पंपाची टोपी काढून तो कसा ओढायचा ते दोनदा दाखवलं. भिमाबाईनं ओढला. तोंडात कडवट चव आली. थोड्या वेळानं छातीतला फास बोटभर सैल झाल्यासारखा वाटला, पण तो औषधानं झाला की बसल्यानं, हे तिला सांगता येईना.

लक्ष्मीबाई बोळ ओलांडून आली आणि उंबऱ्यावर टेकली. "किती आलं?"

"सेहेचाळीस."

लक्ष्मीबाईच्या तोंडावर काही टिंगल यायची होती ती आली नाही. "म्या जाऊ का मंगळवारी?" ती म्हणाली. "रातचं मलाबी बसूनच ऱ्हावं लागतंय. लिंबाजीला सांगितलं न्हाय म्या. नवऱ्याला सांगितलं तर तो शिवशरणला बोलतो."

"जा," भिमाबाई म्हणाली. "पर तुझीबी तीच गत व्हईल. तुझंबी वरनं पडल्यावानी दिसंल. सोलापूरलाच धाडत्याल."

"मंग पंप?"

भिमाबाईनं हातातला पंप तिच्यापुढं धरला. "एकच हुता त्यांच्याजवळ. ओढून बघ."

लक्ष्मीबाईनं तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "तुझं तू ठिव. आपल्या दोघींचा येगळा आसंल," ती म्हणाली. वेगळा असतो की नसतो हे आता त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

"सोलापूरला जाशील?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"नागसेनला फोन करते म्हणाली ही. बघू." भिमाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "न्हाय गेले तर काय हाय ते कळायचं न्हाय. गेले आन निघालं, तर कवापासनं हाय, ते बी कळायचं न्हाय."

बोळाच्या तोंडाशी कुणीतरी हाळी दिली, नळ आला. लक्ष्मीबाई उठून आपल्या दारी पळाली, पळताना दोनदा भिंतीला हात लावत. श्रावस्तीनं घागरी काढल्या. आठ दिवसांचं पाणी तासाभरात भरून घ्यायचं होतं. भिमाबाईला उचलायला ती देणार नव्हती हे ठरलेलंच. म्हणून भिमाबाईनं पाइपचं तोंड हातात घेतलं, ते टाकीच्या काठावर दाबून धरलं आणि शेजारच्या दगडावर बसली. पहिल्यांदा नुसतीच हवा आली, फुसफुस करत. मग गढूळ पाणी आलं. ते तिनं बाजूच्या बादलीत सोडलं, भांडी घासायला होईल म्हणून, आणि स्वच्छ येईपर्यंत थांबली.